ठेक्यात उमलणारं फूल

सकाळी दहापासून फुलाखालचा आकडा बेचाळीसवर होता, आणि तृप्ती आभाळेला त्याचा आनंद झाला होता.

नाशिकच्या कचेरीत तिच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी चौकट होती आणि त्या चौकटीत ते फूल. पाच पाकळ्यांचं, फिक्या हिरव्या उजेडाचं. ना जाईचं ना कुंदाचं, तिनं आपल्याच मनातून काढलेलं. ते उमललं की सत्तर किलोमीटरवर हिरडवाडीत तिच्या भाचीनं श्वास आत घेतलेला असायचा. मिटलं की सोडलेला. एका मिनिटात किती वेळा, तो आकडा खाली.

ही भाची, भावाची आणि वहिनी पूनमची लेक, दोन महिने आधीच या जगात आली होती. तीन आठवडे इस्पितळात काढून, दीड किलोची होऊन ती घरी आली. बारसं व्हायचं होतं, म्हणून सगळे तिला चिमी म्हणत. अशा घाईनं आलेल्या बाळाला श्वासाची पुरती सवय झालेली नसते. झोपेत ते मधेच श्वास विसरतं. तळपायाला टिचकी मारली की त्याला आठवतं आणि ते पुन्हा श्वास घेऊ लागतं. फक्त टिचकी मारणारं कुणीतरी वेळेवर जवळ हवं.

त्यासाठी पाळणा होता. त्याच्या गादीत श्वास ओळखणारी जाळी, उशाशी पाटीएवढा पडदा, पडद्यावर आरोग्य खात्याचं पान आणि त्या पानाच्या पोटात चौकट. एका वेबपानाच्या आत दुसरं पान बसवायची ही सोय फार जुनी. तिचं पुस्तकी नाव आयफ्रेम, तृप्तीच्या कचेरीत नुसतं चौकट म्हणायचे. बाहेरचं पान खात्याचं: बाळाचं वजन, लशींच्या तारखा, सिस्टरचा नंबर. आतलं फूल तृप्तीचं. दोघांच्या मधे भिंत. आतल्याला बाहेरच्या घरात हात घालता येत नाही आणि बाहेरच्याला आतल्याच्या मनातलं कळत नाही. श्वास थांबला की वाजणारी घंटाही त्या फुलाच्याच पोटात होती. आरोग्य उपकेंद्रात जयश्री सिस्टरला आणि इथं तृप्तीला दिसायचं ते पाळण्यावरच्या चौकटीचं जसंच्या तसं प्रतिबिंब.

असे तीनशे बारा पाळणे जिल्हाभर होते. त्या सगळ्यांवर तृप्तीचंच फूल.

दीडच्या सुमारास तिनं डबा उघडला आणि आईचा फोन आला.

मंदाबाई परसात येऊन बोलत होत्या. पाळण्याजवळ फोन वाजायचा नाही, बोलायचं नाही, हा तृप्तीनंच घातलेला नियम. बाळाला सारखं चाचपायचं नाही, हाही तिचाच. तिनं आईला बजावलं होतं की तू आपली फुलाकडे बघत जा, फूल उमलतंय तोवर चिमी ठीक आहे. मंदाबाईंना आधी ते पटलं नव्हतं. मग त्या हळूहळू फुलावर विसंबायला शिकल्या होत्या, आणि शिकल्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

आज त्या खुशीत होत्या. सकाळी आळीतल्या पाचसात बाया पाळणा बघायला येऊन गेल्या. कुणी म्हणालं विमानासारखा आहे, कुणी म्हणालं आमच्या वेळी झोळीच होती. सगळ्या गेल्यावर पोर जी रडायला लागली ती थांबेना. अर्धा तास तर उचकीच लागली होती. शेवटी ओवी म्हटली तेव्हा निजली. कोणती ओवी, असं तृप्तीनं विचारलं, तर मंदाबाईंनी परसातच हलक्या आवाजात म्हणून दाखवली:

नाकाच्या गं शेंड्यावरी
वारा येऊन बसला
माझ्या चिमणीला बाई
ओळखूनिया हासला

तृप्ती फुलाकडे बघत होती. फूल ओवीच्या ठेक्यात उमलत होतं. तिला गंमत वाटली.

"इतक्या बायांची नजर पडली, मग मी दोघींना तीट लावली," मंदाबाई म्हणाल्या.

"दोघींना?"

"चिमीला गालावर, अन् पाळण्याला. त्याला तो वरती बारका डोळा हाये ना, दिसन्‌रात पोरीकडं टक लावून बघू राहतो. त्यालाच लावली काजळाची. म्हन्लं, तुझी बी नको लागायला."

तृप्ती हसली. आईला म्हणाली की बघ, तुझ्या नातीपेक्षा पाळणाच देखणा दिसायचा. मंदाबाई म्हणाल्या, पूनम न्हाणीत गेलीय, फूल छान डुलतंय, तर तेवढ्यात भाकरी टाकते. फोन बंद झाला.

तृप्तीनं पोळीचा तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेला. आणि तसाच खाली ठेवला.

सकाळभर रडली. अर्धा तास उचकी लागली. मग आकडा बेचाळीसवरून हलला कसा नाही?

तिनं बोटानं टेबलावर ताल धरला. उमलणं, मिटणं. उमलणं, मिटणं. वीस श्वास मोजले, तीस मोजले. एकही लवकर नव्हता, एकही उशिरा नव्हता. धडधाकट माणसाचा श्वाससुद्धा असा घड्याळासारखा चालत नाही. चिमीचा श्वास तर पाखरासारखा. चार घाईचे, एक खोल, मधे थोडं थांबणं, परत तीन घाईचे. गेले आठ दिवस फूल तसंच अडखळत उमलत होतं, आणि त्या अडखळण्यानं तृप्तीचा जीव दर वेळी गोळा व्हायचा. आज ते शहाण्यासारखं चाललं होतं म्हणून तर तिला बरं वाटलं होतं.

तिनं डबा दूर सारला.

चार वर्षांपूर्वी वीजबचतीचे नियम आले होते. कोट्यवधी पडदे कुणी बघत नसताना रंगत राहतात, त्यात गावंच्या गावं उजळतील एवढी वीज जाते. म्हणून ब्राउझरांनी ठरवलं की बघणारं कुणी नसेल तर चौकट झोपवायची. पडद्याच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा डोळा आला. खोलीत माणसाची चाहूल असेल तर चौकट जागी, नाहीतर झोपलेली. वैद्यकीय पानांना यातून सूट होती, पण ती बाहेरच्या पानाला. आतल्या चौकटीपर्यंत ती सूट झिरपते की नाही, ते ज्या त्या ब्राउझरच्या मर्जीवर. आणि पाळण्याच्या त्या डोळ्यावर आज सकाळपासून काजळ होतं. पडद्याच्या लेखी हिरडवाडीच्या त्या खोलीत कुणीच नव्हतं. चौकट झोपली होती. घंटाही तिच्यासोबत झोपली होती.

मग फूल उमलत का होतं?

हे उत्तर तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्याच हातचं होतं. पहिल्या वर्षी रेंज दोन सेकंद गेली तरी चौकट पांढरी व्हायची आणि बाळंतिणी किंचाळायच्या. तक्रारींचा ढीग झाला होता. म्हणून तिनं फुलाचं उमलणं कोडकडून काढून चित्र हलवणाऱ्या थराकडे दिलं. कोडनं फक्त ठेका सांगायचा आणि त्या थरानं तो पुढं वाजवत राहायचा. कीर्तनात बुवा क्षणभर थांबले तरी मृदंग चालू राहावा तसं. उपकेंद्रातल्या ‘पारवा’ ब्राउझरमध्ये आणि तिच्या ‘नीलपंख’मध्ये चौकट झोपली की तो थरही झोपायचा आणि फूल करडं व्हायचं. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाळण्यांवर असते ती हलकी ‘टिटवी’. टिटवीत तिनं ते झोपवून पाहिलंच नव्हतं. बाळाच्या उशाशी माणूस असणारच, तिथं चौकट झोपेल कशाला, असं म्हणून तिनं चाचणीच्या तक्त्यात टिटवीच्या रकान्यात ‘तपासलं’ अशी खूण केली होती.

टिटवीत बुवा झोपले होते आणि मृदंग वाजत होता.

तिनं आईला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तो मुका करून फडताळात ठेवलेला असणार. तिच्याच नियमानं. पूनमचाही तिथंच. भाऊ सिन्नरला कारखान्यात, त्याचा फोन फाटकावर जमा. शेवटी तिनं उपकेंद्रात जयश्री सिस्टरला गाठलं.

"अहो ताई, मी आत्ता बघतेय ना समोर," सिस्टर म्हणाली. "बेचाळीस. काय सुंदर उमलतंय तुमचं फूल."

"सिस्टर, त्या फुलाकडे बघू नका. ते खोटं आहे. सकाळपासून खोटं आहे."

पलीकडे गाडीची किल्ली उचलल्याचा आवाज आला. घाटाचा रस्ता, नऊ किलोमीटर, वीस मिनिटं तरी लागतील, असं सांगून सिस्टरनं फोन ठेवला.

वीस मिनिटं. श्वास विसरलेल्या बाळाला वीस मिनिटं नसतात. कदाचित ती विसरलीही नसेल. कदाचित गाढ झोपली असेल, आणि तिचा श्वास तिच्या तिच्या चालीनं चालला असेल. पण ते सांगणारं या घडीला जगात कुणीच नव्हतं. बाहेर सगळीकडे फूल उमलत होतं.

शेजारच्या टेबलावर फिरोज तांबोळी होता. तृप्तीच्या फुलाला तो गमतीनं तुझी थोरली लेक म्हणायचा. नवं फूल पाळण्यांवर धाडायचं तर दोघांची मान्यता लागे, एक करणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. तृप्तीनं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि सांगता सांगताच टाईप करू लागली. झोपलेल्या चौकटीत काहीच चालत नाही, हे खरं. पण बाहेरचं पान जागं होतं. ते दर दोन मिनिटांनी नवं फूल आलंय का बघायचं आणि आलं असेल तर जुनी चौकट उपटून नवी बसवायचं. नवी चौकट बसली की झोपण्याआधी एकदा, एकदाच, रंगायची. त्या एका वेळेत आवाज करता येणार नव्हता, कारण कुणी एकदा हात लावेपर्यंत नव्या चौकटीला बोलू देत नाहीत. हलतं काही दाखवता येणार नव्हतं. फक्त एक थिजलेलं चित्र.

तिनं फूल पुसलं. पाच पाकळ्या, तीन वर्षांचं काम, सगळं पुसलं. चौकट काठोकाठ लाल केली, लाल रंग होता नव्हता तेवढा उजळ केला आणि पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: बाळाकडे बघा.

"एकाच घरी नाही पाठवता येत?" फिरोजनं विचारलं.

"नाही."

सगळ्या बाळांना एकच फूल, ही तिचीच हौस होती.

"म्हणजे तीनशे अकरा घरांत विनाकारण लाल होणार. कुणी बाळंतीण टाके घालून चार दिवस झालेली, ती उठून पळेल. कुणी म्हातारी उंबऱ्याला अडखळेल." त्याचा आवाज चढला नव्हता, पण हात कीबोर्डवरून मागे गेला होता. "तृप्ती, तुझी खात्री आहे?"

"नाही," ती म्हणाली. "खात्री असती तर तुला विचारत बसले नसते. ठेका धर. धर ना. तूच सांग, हा जिवंत श्वास आहे का?"

फिरोजनं तिच्या पडद्याकडे बघत टेबलावर बोट ठेवलं. तो लग्नात ढोलकी वाजवायचा. पाच वेळा बोट आपटलं, सहा, सात. मग त्यानं डोळे मिटले आणि न बघता बोट आपटत राहिला. पंधराव्या ठोक्याला डोळे उघडले तेव्हा फूल नेमकं त्याच्या बोटाखाली उमलत होतं.

त्यानं मान्यतेची कळ दाबली.

त्यानंतरची दोन मिनिटं तृप्तीच्या आयुष्यातून कधी गेली नाहीत. नवं फूल वाटेला लागलं होतं आणि कोपऱ्यात जुनं अजून डुलत होतं. उमलत होतं, मिटत होतं. स्वतःच्या हातांनी काढलेल्या वस्तूचा इतका राग तिला कधी आला नव्हता. ती आईला फोन लावत राहिली. फोन फडताळात मुक्यानं उजळत असेल, विझत असेल.

कोपरा लाल झाला.

आता तिथलं काहीच दिसत नव्हतं. लाल चौकट, पांढरी अक्षरं, आणि त्यांच्या पलीकडे हिरडवाडीची ती अंधारी खोली. आई चुलीशी असेल, पाठमोरी. पूनम न्हाणीत असेल. लाल उजेड एकटाच पाळण्यावर पडला असेल. कचेरीतले फोन वाजायला लागले. सिन्नर, दिंडोरी, पेठ. चार बाजूंनी घाबरलेले आवाज, फिरोज एकेकाला समजावतोय. तृप्तीनं त्यातला एकही उचलला नाही. तिच्या मुठीत फक्त तिचा फोन होता.

चार मिनिटांनी तो वाजला. आईचं नाव.

नुसतं रडणं आलं, बारीक, खरखरीत, मधेच तुटणारं, पुन्हा जुळणारं. एकाही ठेक्यात न बसणारं. तृप्ती टेबलाखाली उकिडवी बसली आणि ते ऐकत राहिली.

नंतर मंदाबाईंनी सांगितलं ते तुटकतुटक. भाकरी थापत असताना समोरची भिंत लाल झाली. त्यांना वाटलं देवापुढचा दिवा पडून काही पेटलं. पिठाच्या हातांनी धावत गेल्या. पडद्यावरची अक्षरं वाचली, की आधी पोरीकडे बघितलं, ते त्यांना आठवत नव्हतं. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. सिस्टरनं शिकवलं होतं तशी तळपायाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसरीला चिमीनं अंग आकसलं आणि वारा ओढला.

सिस्टर पोचली तेव्हा चिमीच्या टाचेवर बाजरीच्या पिठाची बोटं उमटलेली होती.

फिरोजनं दुसऱ्या दिवशी तीनशे बाराच्या तीनशे बारा पाळण्यांची पाहणी करवली. कुणी पडलं नव्हतं, दोघीतिघींचं दूध मात्र धसक्यानं आटलं होतं. तृप्तीनं तेही ऐकून घेतलं. लाल होण्याआधी आणखी अकरा पाळण्यांवर फूल असंच आपल्या ठेक्यात चाललं होतं. सात डोळ्यांवर काजळ होतं, दोनांवर कुंकू. एका पाळण्याला क्रोशाचं विणलेलं झाकण होतं. एका पडद्यावर झेंडूची माळ लोंबत होती. ती अकरा बाळं निव्वळ नशिबानं सुखरूप होती.

तृप्तीचे साहेब, पानसे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी अहवालाचा मसुदा तयार करूनच तिला बोलावलं. दोष एका ओळीत होता: घरच्यांनी डोळा झाकल्यामुळे यंत्रणा बंद पडली. खाली तिची सही हवी होती. ते म्हणाले, यात खोटं काय आहे, काजळ लावलंच होतं की. घराघरांत सूचना देऊ, तीट लावू नका म्हणून, आणि विषय संपवू. तुझ्या कामावर डागही राहणार नाही.

खोटं काहीच नव्हतं. ती सही करून मोकळी झाली असती. मग अहवालातल्या त्या ओळीत तिच्या आईचं बोट कायमचं राहिलं असतं, आणि सोबत आणखी अकरा घरांतल्या बायकांची.

तिनं मसुदा घरी नेला आणि दुसराच लिहून आणला. नव्या पाळण्याला आपल्याकडे तीट लावतातच, माळ घालतातच, झाकण विणतातच. हे माहीत असून मी टिटवीत चौकट झोपवून पाहिली नाही आणि पाहिली अशी खूण केली. माहिती नसताना फूल उमलत ठेवलं, कारण रिकामी चौकट भीतीदायक दिसते. ती भीती खरी होती. मी ती झाकली.

पानसेंनी ते दोनदा वाचलं. तिचा फूल धाडायचा हक्क सहा महिन्यांसाठी गेला. नव्या फुलाचं काम फिरोजकडे गेलं. त्यानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघांनी मिळून ते तिन्ही ब्राउझरांत, कापड टाकून, काजळ फासून, झोपवून झोपवून पाहिलं.

रविवारी ती हिरडवाडीला गेली. पूनमनं दारातच तिच्या कानाशी लागून सांगितलं, ताई, आई पाळण्याजवळ येतच नाहीत. लांबून बघतात. काजळाची डबी तर त्यांनी उचलून माळ्यावर टाकलीय.

मंदाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. तृप्ती शेजारी बसली आणि तिनंही एक गड्डा हातात घेतला.

"लिहून दिलं म्हने तू साहेबाला," मंदाबाई म्हणाल्या. "काय लिहिलं?"

"फूल खोटं उमलत होतं, असं."

"अन् माझं काय लिहिलं?"

"तू तीन टिचक्या मारल्यास, ते."

मंदाबाईंनी सालं पदरात गोळा केली. उठल्या, अंगणात झटकून आल्या. मग माळ्याखाली उभं राहून पूनमला म्हणाल्या की ती डबी काढ गं, माझा हात पुरत नाही. चिमीच्या गालावर त्यांनी काजळाचा टिपका ठेवला. पाळण्यापाशी मात्र त्यांचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीनं वाकून पाळण्याचा मागचा लाकडी पाय दाखवला. मंदाबाईंनी तिथं बोट टेकवलं आणि गुणगुणायला लागल्या:

येजा कर रे वाऱ्या तू
दार उघडं ठेवलं
माझ्या चिमणीचं घर
तुझ्यासाठी सारवलं

उशाशी नवं फूल होतं. ते दिसायला तितकं देखणं नव्हतं. आतून खबर आली तरच त्याची एक पाकळी हलायची. खबर नसली की चौकट कोरी व्हायची आणि तिच्यावर तीन शब्द उरायचे: मला माहीत नाही. त्या शब्दांना कोडही लागत नव्हतं, ते चौकटीच्या तळाशीच लिहून ठेवलेले होते.

फूल उमललं. घाईनं तीनदा, मग एकदा खोल. ओवीच्या ठेक्याशी त्याचा काही मेळ नव्हता. मग ते मिटलं, आणि मिटलेलंच राहिलं.

मंदाबाईंची ओवी तुटली. पूनम दारातून पुढे आली. तृप्तीची नजर पडद्यावरून निघाली आणि गादीवर आली. पापुद्र्यासारखी छाती. गालावर ओलं काजळ. तिघी वाकल्या होत्या, आणि तृप्तीचं बोट त्या चिमुकल्या तळपायाजवळ तयार होतं.

छाती हलली.

त्यानंतर पडद्यावर फूल उमललं असणारच. तिघींपैकी कुणी मान वर करून पाहिलं नाही.